टेबलाजवळ पॉइंट एकच: इंटरनेट फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही कसे जोडायचे?

बॅलार्डकर | सोमवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या दगडी इमारतीत. महिनाअखेरीला त्याच गल्लीतल्या दुसऱ्या इमारतीत जातोय. १८ टेबलं आहेत. मी खरं तर हिशेब बघतो, पण ऑफिस हलवायचं ठरल्यापासून वायरिंग, पंखे, पाण्याचं मशीन, सगळं माझ्याकडे आलंय.

साहेबांनी जुना इंटरकॉम काढून इंटरनेट फोन घेतले. खोकी उघडली तर आत फोन, रिसीव्हर, त्याची गुंडाळीची वायर आणि हातभर लांबीची एक नेटवर्क वायर. ॲडॉप्टर एकाही खोक्यात नाही. विचारलं तर विकणारा म्हणतो, तो वेगळा घ्यावा लागतो.

फोनच्या मागे दोन अगदी सारखी भोकं आहेत. भिंतीवर मात्र प्रत्येक टेबलाजवळ नेटवर्कचा एकच पॉइंट. इमारत हेरिटेजमधली, भिंत फोडायची नाही असं मालकांनी लेखी दिलंय. म्हणजे दुसरा पॉइंट काढणं जवळपास अशक्य.

तर १८ ॲडॉप्टर आणू का? एका पॉइंटवर फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही चालतात का? आणि चुकीच्या भोकात वायर गेली तर काही जळेल का? एकेक फोन महाग आहे, म्हणून आधी विचारतोय.

तारवाला | सोमवार, दुपारी १२.०५

ॲडॉप्टर आणू नका. निदान पुढचं वाचेपर्यंत तरी नका. वीस वर्षं मुंबईभर ऑफिसांच्या केबली ओढतोय, त्यावरून सांगतो.

आधी भोकांचं. नीट उजेडात धरून बघा, दोन्हींवर खूण असते. एकावर 'इंटरनेट', 'लॅन' किंवा 'एसडब्ल्यू' असं काहीतरी असतं, दुसऱ्यावर 'पीसी' किंवा कॉम्प्युटरचं छोटं चित्र. भिंतीतून आलेली वायर पहिल्यात. दुसऱ्यातून निघालेली वायर कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे भिंत, मग फोन, मग कॉम्प्युटर. फोनच्या पोटात दोन पोर्टचा, म्हणजे वायर लावायच्या भोकांचा, लहानसा नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारी पेटी) असतो, तो आवाज स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचं कॉम्प्युटरकडे जाऊ देतो. एका पॉइंटवर दोघं चालतात ते असं. तुमच्यासारख्या इमारतींत हीच पद्धत सोयीची पडते.

आता वीज. खोक्यात ॲडॉप्टर नाही याचा अर्थ कंपनीने असं गृहीत धरलंय की वीज नेटवर्कच्या वायरीतूनच येणार. त्याला पीओई म्हणतात. त्यासाठी रॅकमधला, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या कपाटातला, नेटवर्क स्विच पीओईवाला हवा. तो फोनला त्याच वायरीतून साधारण ४८ व्होल्ट डीसी देतो, टेबलावर फोनसाठी वेगळी पिन लागतच नाही.

जळण्याबद्दल: नियमात बनलेला पीओई स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. वायर लावली की आधी १० व्होल्टच्या आसपास, अगदी किरकोळ दाबाने चाचपतो. समोर २५ किलोओमच्या जवळपासचा रोध सापडला तरच समोर वीज मागणारं उपकरण आहे असं समजतो आणि पूर्ण व्होल्टेज देतो. कॉम्प्युटरमध्ये किंवा प्रिंटरमध्ये असा रोध नसतो, त्यामुळे त्यांना फक्त डेटा मिळतो. वायर काढली की अर्ध्या सेकंदाच्या आत वीज बंद. फोनच्या पीसी पोर्टातूनही पुढे वीज जात नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

धोका एकाच वस्तूचा आहे. वायफायच्या डब्यांबरोबर किंवा स्वस्त कॅमेऱ्यांबरोबर येणारे काही लहान पीओई इंजेक्टर (वायरीत वीज घालणारे डबे) काहीच न विचारता सतत २४ किंवा ४८ व्होल्ट सोडत राहतात. जुन्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तसला एखादा पडलेला असेल तर तो फोनला जोडू नका.

बॅलार्डकर | सोमवार, दुपारी १२.४०

मनापासून आभार. भोकांवर खुणा आहेत, भिंग लावून बघितल्या!

पण आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतोय की पीओई स्विच महाग पडतो, त्यापेक्षा साधा स्विच आणि १८ ॲडॉप्टर स्वस्तात होतील. हिशेबाच्या माणसाला हे पटकन पटतं. ॲडॉप्टर लावण्यात चूक नेमकी काय?

मुलुंडकरीण | सोमवार, दुपारी २.१५

चूक मी सांगते, कारण ती आम्ही केली होती. लोअर परळला आमचं ऑफिस होतं, ॲडमिन मी बघायचे. ४० फोन, ४० ॲडॉप्टर. प्रत्येक टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड, त्यात मॉनिटर, सीपीयू, मोबाइलचा चार्जर आणि फोनचा ॲडॉप्टर. ॲडॉप्टर जाड असतो, तो शेजारचंही सॉकेट अडवतो. मग कोणीतरी मोबाइल चार्ज करायला तो काढतो आणि परत लावायचं विसरतो. संध्याकाळी झाडताना बोर्ड सरकला की पिन सैल होते. दर सोमवारी सकाळी माझ्याकडे चार जणांची तक्रार, "फोन बंद आहे." चारही ठिकाणी वाकून पिन दाबायची, एवढाच उपाय.

हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, ऑफिसात आम्ही तिघंच होतो. सर्व्हर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर होते, हिरवे दिवे लुकलुकत होते, इंटरनेटही सुरू होतं. आणि ४० च्या ४० फोन मेलेले, कारण ॲडॉप्टर साध्या बोर्डात. आमच्यातल्या एकीचे वडील हॉस्पिटलमध्ये होते, घरचे ऑफिसच्या नंबरवर फोन करत होते आणि तिच्या मोबाइलला रेंज येत नव्हती. दुपारपर्यंत तिला काही कळलं नाही. ते सुखरूप होते, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

टेबलाटेबलाला यूपीएस देता येत नाही. रॅकला देता येतो. फोनची वीज रॅकमधून येत असेल तर रॅकच्या एका यूपीएसवर सगळे फोन जगतात. स्वस्त काय पडतं ते यात धरा.

एक्स्चेंजवाला | सोमवार, सायंकाळी ६.३०

मुलुंडकरीण ताईंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं आहे. मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. थोडं जुनं सांगतो, पण ते आजच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं २८ जानेवारी १८८२ ला. पुढे शतकभर फोन वापरणाऱ्याने एका गोष्टीचा कधी विचारच केला नाही, ती म्हणजे फोनला वीज कुठून येते. घरात लाइट नसली तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचा. कारण वीज घरातली नव्हतीच, ती एक्स्चेंजमधून तांब्याच्या जोडीवरून यायची. एक्स्चेंजमध्ये एक स्वतंत्र बॅटरी रूम असे. दोन-दोन व्होल्टचे, माणसाच्या कमरेइतके उंच शिसे-आम्लाचे सेल, २४ ओळीने जोडलेले. २४ गुणिले २, म्हणजे ४८ व्होल्ट. त्यातली धन बाजू अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असे, जमिनीखालच्या केबलला गंज कमी लागावा म्हणून. लाइट गेली तर बॅटरी, बॅटरी उतरू लागली तर डिझेल जनरेटर. बॅटरी रूममध्ये शिरलं की आम्लाचा वास घशाला लागायचा, आणि दर आठवड्याला प्रत्येक सेलची घनता मोजून वहीत लिहायची.

आता तारवाल्यांनी वर काय लिहिलं ते पुन्हा वाचा. पीओई स्विच फोनला किती व्होल्ट देतो? साधारण ४८. माझ्या दृष्टीने तुमचा तो रॅक म्हणजे लहानसं एक्स्चेंज आणि त्याचा यूपीएस ही तुमची बॅटरी रूम.

४८ चं कारणही सांगतो. ५ वॉटच्या फोनला ५ व्होल्टने वीज द्यायची तर १ अँपिअर लागतो, ४८ व्होल्टने दिली तर साधारण एक दशांश अँपिअर पुरतो. वायरीतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तेवढ्याच बारीक वायरीत नासाडी जवळपास शंभर पटीने कमी. आणि ६० व्होल्टच्या आत असल्यामुळे माणसालाही धोका नाही.

अजून एक, कारण हा गैरसमज खूप घरांत आणि ऑफिसांत आहे. फायबरवर आलेल्या लँडलाइनला जुनी सोय लागू नाही. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. फायबर जिथे संपतो त्या डब्याला तुमचीच लाइट लागते.

बॅलार्डकर | मंगळवार, सकाळी १०.२०

काका, तुमचा प्रतिसाद साहेबांना वाचून दाखवला. पीओई स्विच मंजूर झाला. ताई, तुमचाही वाचला, तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त यूपीएस मोठा घे म्हणाले.

आता स्विच कोणता? दुकानदार 'पीओई २४ पोर्ट' म्हणून तीन वेगवेगळ्या किमती सांगतोय.

तारवाला | मंगळवार, सकाळी ११.००

दोन गोष्टी विचारा: वीज देणारे पोर्ट किती, आणि सगळे मिळून वॉट किती.

पहिली फसगत अशी की २४ पोर्टपैकी १२ च पीओई असतात. दुसरी, सगळे पीओई असतात पण एकूण वॉट तुटपुंजे असतात. याला पीओई बजेट म्हणतात. पहिलं मानक, ८०२.३एएफ, २००३ चं. त्यात एका पोर्टला १५.४ वॉट. दुसरं ८०२.३एटी, २००९ चं, ३० वॉट. तिसरं ८०२.३बीटी, २०१८ चं, ते ६० आणि ९० वॉटपर्यंत जातं. फोनला पहिलं भरपूर झालं. मोठे आकडे कॅमेरे, वायफाय आणि असल्या वस्तूंसाठी.

तुमच्या फोनच्या माहितीपत्रकात 'क्लास' बघा. क्लास १ असेल तर स्विच त्याच्यासाठी ४ वॉट धरतो, क्लास २ ला ७, क्लास ३ ला १५.४. समजा क्लास २ आहे. १८ गुणिले ७ म्हणजे १२६ वॉट. दोन वायफायचे डबे छताला लावणार असाल तर ६० आणखी धरा. १८६ झाले. म्हणून १९० वॉटवाला अगदी काठावर बसेल, पुढे दोन टेबलं वाढली की अडाल. ३७० वॉटवाला घ्या. दुकानदार '१२० वॉट चालून जाईल, फोन कुठे एवढे खातात' म्हणेल. खात नाहीत हे खरं, पण बरेच स्विच खाण्यावर न जाता क्लासप्रमाणे राखून ठेवतात, आणि मग अठरावा फोन सुरूच होत नाही. आणि फोन खराब आला म्हणून लोक तो बदलून आणायला जातात.

काकांच्या नासाडीला मानकातलंच उदाहरण देतो. पोर्टला १५.४ वॉट सोडले तर १०० मीटरच्या टोकाला १२.९५ मिळतील असं धरलेलं आहे. मधले २.४५ वॉट वायर खाते. ०.३५ अँपिअर आणि २० ओम धरून गुणाकार करून बघा, बरोबर तेवढेच येतात.

आणि म्हणूनच वायर. लॅमिंग्टन रोडला ३०५ मीटरची खोकी दोन भावांत मिळतील. स्वस्त खोक्यातली वायर अस्सल तांब्याची नसते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानदार तिला 'सीसीए' म्हणतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे नासाडीही तेवढी जास्त. शिवाय ती ठिसूळ, पंचिंग करताना, म्हणजे पॉइंटमध्ये तारा दाबून बसवताना, तुटते. आणि बॅलार्ड इस्टेटला समुद्राची खारी हवा. चार पावसाळ्यांत टोकं पांढरी पडलेली मी स्वतः कापून काढली आहेत. तपासणं सोपं आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत करा. खोकं उचलूनही कळतं, तांबं जड असतं.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११.५०

ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये असतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते आधी सांगितलेलं बरं.

फोनमधून कॉम्प्युटर जोडणं ही मला तडजोड वाटते. फोन रीस्टार्ट झाला की कॉम्प्युटरचं नेटवर्कही तेवढा वेळ जातं. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट कामाच्या वेळेत झालं तर १८ जण एकदम थांबतात. आणि बऱ्याच स्वस्त फोनचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतात. भिंतीपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, ओढलंत आणि मध्ये १०० वाला फोन बसवलात तर कॉम्प्युटरला १०० च मिळणार. स्कॅन केलेल्या बिल ऑफ एंट्रीच्या मोठ्या फायली सर्व्हरवर टाकणाऱ्याला ते जाणवेल. जिथे भिंतीला हात लावता येतो तिथे मी नेहमी दोन पॉइंट मागतो.

तारवाला | बुधवार, सकाळी ९.१५

रात्रपाळी, मुद्दा मान्य. बीकेसीत नव्या काचेच्या इमारतीत काम असेल तर मीही प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट टाकतो. पण इथे तीन फूट जाडीची दगडी भिंत आहे आणि हात लावायला बंदी आहे. तेव्हा यांना माझं सांगणं: ज्या दोन-तीन टेबलांवर मोठ्या फायलींचं काम आहे तिथे केसिंग पट्टीने वरून जास्तीची एक वायर न्या, किंवा तिथले फोन गिगाबिटवाले घ्या. बाकी टेबलांवर ईमेल आणि पोर्टलवर माहिती भरण्याला १०० मेगाबिट पुरेसे आहेत. फोनचं अपडेट रात्री २ ला लावून ठेवा.

केसिंगवरून आठवलं. लाइटची वायर आणि नेटवर्कची वायर एका पट्टीत कोंबू नका, कितीही जागा असली तरी. दोन वेगळ्या पट्ट्या, मध्ये वीतभर अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

गाळा_नंबर_१४ | बुधवार, दुपारी १.३०

अंधेरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे, वर ऑफिस. घडलेली गोष्ट सांगतो, कारण बॅलार्डकरांच्या १८ टेबलांवर अगदी असंच होऊ शकतं.

एका मुलीने लॅपटॉप घरी नेला. फोनच्या पीसी पोर्टातून निघालेली वायर टेबलावर लोंबत राहिली. संध्याकाळी आवरताना आमच्या मामांनी ती बघितली. वायर सुटलेली दिसली, शेजारच्या टेबलाजवळचा पॉइंट रिकामा दिसला, त्यांनी चांगल्या मनाने ती तिथे लावून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण ऑफिसचं नेटवर्क ठप्प. फोन नाही, इंटरनेट नाही, प्रिंटर नाही. स्विचचे सगळे दिवे एकसाथ धडधडत होते. तीन तास आम्ही इंटरनेट कंपनीला फोन करत बसलो. त्यांच्याकडे काहीच बिघाड नव्हता.

मामांना कोणी बोलायला जाऊ नये म्हणून मी स्वतः सगळ्यांना सांगितलं की चूक आमची. त्यांना कोणी कधी दाखवलंच नव्हतं कुठली वायर कशाची ते.

तारवाला | बुधवार, दुपारी २.१०

याला लूप म्हणतात. फोनची दोन्ही भोकं भिंतीला लागली की नेटवर्कचा वर्तुळाकार रस्ता तयार होतो. 'हा कॉम्प्युटर कुठे आहे' अशी सगळ्यांना उद्देशून घातलेली हाक त्या वर्तुळात फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

बंदोबस्त स्विचमध्येच असतो, फक्त तो सुरू करावा लागतो. त्या सेटिंगची नावं स्पॅनिंग ट्री आणि त्याबरोबर टेबलांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड किंवा लूप प्रोटेक्शन. मग लूप झाला तर स्विच तेवढा एक पोर्ट बंद करतो, बाकी ऑफिस चालू राहतं. बिनसेटिंगच्या साध्या स्विचमध्ये बहुधा हे नसतं, म्हणून मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विचच घ्या.

दुसरं, जे पॉइंट वापरात नाहीत त्यांची पॅच कॉर्ड (स्विचला जोडणारी छोटी वायर) रॅकमधून काढूनच ठेवा. भिंतीवर भोक दिसेल, पण पलीकडे काही नसेल. आणि रंग ठरवून घ्या. मी भिंतीपासून फोनपर्यंत निळी आणि फोनपासून कॉम्प्युटरपर्यंत पिवळी वापरतो. झाडायला येणाऱ्या मावशींनाही एका वाक्यात सांगता येतं: पिवळी कधीच भिंतीला लावायची नाही.

वायरी_शिकतोय | बुधवार, रात्री ९.००

नेटवर्किंगचा कोर्स करतोय, ठाण्याला. एका वायरीतून आवाज आणि डेटा दोन्ही जातात तर कोणी मोठी फाइल उतरवली की फोनवरचा आवाज तुटणार नाही का? आणि इंटरनेटची स्पीड किती लागेल?

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.३०

तुटू नये म्हणून एकाच वायरीत दोन वेगळ्या मार्गिका करतात, व्हीलॅन. समजा डेटाचा १० आणि आवाजाचा २०. फोन स्वतःच्या पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या लहान तुकड्यांवर, २० चा शिक्का मारतो, कॉम्प्युटरची पॅकेट बिनशिक्क्याची येतात, ती स्विच १० मध्ये टाकतो. फोनला २० हा आकडा कसा कळतो? स्विच एलएलडीपी नावाच्या भाषेत त्याला सांगतो. ते सुरू केलं की १८ फोनवर हाताने आकडा भरत बसावं लागत नाही. शिवाय आवाजाच्या पॅकेटवर प्राधान्याचा आकडा असतो, ४६. स्विच आणि राउटर दोघांनी तो मानला पाहिजे, नाहीतर ऑफिसातून बाहेर पडताना सगळी पॅकेट पुन्हा एकाच रांगेत.

स्पीडची चिंता नको. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे ६४ किलोबिट, पॅकेटची वेष्टणं धरून सेकंदाला साधारण ८७. १८ जण एकदम बोलले तरी एका दिशेला १.६ मेगाबिटच्या आतबाहेर. कोणत्याही फायबरला हे किरकोळ आहे. महत्त्व उशिराला आहे. बोललेलं पलीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सहज वाटतं, त्यापुढे दोघं एकमेकांचं वाक्य तोडायला लागतात. आणि पॅकेट एकसारख्या अंतराने यायला हवीत. तेव्हा डाउनलोडचा मोठा आकडा बघून लाइन घेऊ नका, अपलोड गर्दीच्या वेळी कसा टिकतो ते बघा.

एक सूचना अनुभवाची: फोन लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करून बघा.

एक्स्चेंजवाला | गुरुवार, सकाळी ८.००

यूपीएसबद्दल राहिलं होतं. बॅलार्डकर, यूपीएसवर काय काय घ्यायचं याची यादी कागदावर करा. पीओई स्विच. राउटर. फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात. तो भिंतीवर दाराजवळ कुठेतरी असतो आणि हमखास साध्या बोर्डात राहतो. चौथं, ऑफिसातच एक्स्चेंजची पेटी (फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणारी) असेल तर ती. यातलं एक जरी सुटलं तरी बाकी तीन चालू राहून उपयोग नाही. आणि जिन्यात इंटरनेट कंपनीची पेटी असेल तर तिला वीज कुठून आहे ते त्यांना विचारा.

हिशेब असा. १८ फोन प्रत्यक्षात प्रत्येकी ४ वॉट धरले तर ७२. स्विचचे स्वतःचे २५, बाकीच्यांचे मिळून ३५. साधारण १३० वॉट. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील तर १६८ वॉट-तास. पण वेगाने उपसताना पूर्ण मिळत नाहीत, शंभर धरा. म्हणजे पाऊण तास. त्याहून जास्त हवा असेल तर बाहेरच्या मोठ्या बॅटरीचा घ्या. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. आमच्या उकाड्यात तिसऱ्या वर्षी तपासायलाच हवी. आणि एसी रात्री बंद होतो त्या खोलीत रॅक कोंडू नका.

यूपीएस जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मी त्या रात्री ड्यूटीवर होतो. तळमजल्यावर गुडघाभर पाणी आणि वरच्या मजल्यावरच्या बॅटऱ्या कोरड्या. आमचे फोन पहाटेपर्यंत चालू राहिले ते केवळ कोणीतरी पूर्वी बॅटऱ्या वर ठेवायचं ठरवलं होतं म्हणून. तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे माहीत नाही, पण पहिल्या मजल्यावरसुद्धा खिडकीतून पाणी येतं. दोन फुटांचं स्टँड करून घ्या.

मुलुंडकरीण | गुरुवार, सकाळी १०.४५

काकांच्या यादीत माझी एक भर. आपत्तीचा नंबर ११२ कोणत्याही फोनवरून, आधी ० न दाबता लागला पाहिजे. जुन्या इंटरकॉममध्ये बाहेर फोन करायला आधी ० दाबायची सवय असते आणि नव्या पेटीतही तेच सेटिंग तसंच उतरवतात. घाबरलेल्या माणसाला ० आठवत नाही. बसवणाऱ्याला सांगून हे लेखी करून घ्या. आणि फोनची लाइन परवाना असलेल्या कंपनीचीच असू द्या. परदेशातले कॉल इंटरनेटवरून उतरवून इथल्या नंबरवर सोडणारे स्वस्तातले लोक भेटतात, ते बेकायदा आहे.

बॅलार्डकर | पाच आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ५.३०

मंडळी, झालं. उशिरा लिहितोय, क्षमा असावी.

३७० वॉटचा मॅनेज्ड स्विच घेतला. तांब्याची वायर, दुकानातच ब्लेडने खरवडून बघितली. पहिल्या दुकानात चंदेरी निघाली, दुसऱ्या दुकानात गेलो. निळ्या आणि पिवळ्या पॅच कॉर्ड. यूपीएस लाकडी स्टँडवर, तारीख लिहून. काका, ओएनटी खरंच साध्या बोर्डातच निघाला, दाराच्या वर, कोणाच्या लक्षातही आला नसता.

स्थलांतराच्या दिवशी सकाळी ७ ला आलो. पहिल्या टेबलावर निळी वायर लावली आणि फोनचा पडदा आपोआप उजळला, बाजूला एकही पिन नाही. आमचे साहेब ६८ वर्षांचे आहेत, ते खाली वाकून वीज कुठून आली ते शोधत होते. मग मी त्यांना काकांची बॅटरी रूम पुन्हा सांगितली. ते म्हणाले, १९७९ साली याच गल्लीत नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात एकच काळा फोन होता आणि लाइट गेली की सगळे त्याच्याभोवती जमायचे.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. कॉम्प्युटर गेले, पंखे थांबले. मी डॉकवरच्या आमच्या माणसाशी बोलत होतो, त्याला काही कळलंही नाही. घड्याळ लावलं होतं. ५१ मिनिटांनी यूपीएस संपला.

दोन प्रश्न राहिलेत. स्कॅनिंगच्या टेबलावर फाइल खरंच हळू जाते, रात्रपाळी म्हणाले होते तसंच. आणि खाली गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये एक फोन हवाय. रॅकपासून वायर मोजली तर जिन्यातून वळसे घेत ११५ मीटर भरते.

तारवाला | शनिवार, रात्री ८.२०

५१ मिनिटं! वाचून फार बरं वाटलं.

स्कॅनिंगच्या टेबलावर गिगाबिट पोर्टचा फोन बदलून घ्या, तिथला काढलेला फोन केबिनला लावा. केबिनला वेग नको आहे.

११५ मीटर मात्र चालणार नाही. पॅच कॉर्डसकट १०० हीच मर्यादा, आणि दोनचार मीटर जास्त असताना आज लागला म्हणून पावसाळ्यात लागेलच असं नाही. मध्ये पहिल्या मजल्याच्या जिन्यात तुमची स्वतःची कुलपाची पेटी आहे का? असेल तर पीओई एक्स्टेंडर तिथे बसेल, तो वरूनच वीज घेतो आणि पुढे देतो, वेगळी लाइट लागत नाही. फक्त त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी स्विचचा तो पोर्ट ३० वॉटवाला असू द्या. आणि केबिनपर्यंतची शेवटची उघड्यावरची वायर बाहेरच्या वापराची काळ्या कवचाची घ्या, आतली राखाडी उन्हात तडकते. पेटीचा फोटो टाका, सोमवारी बघून सांगतो.